तुमच्या एरियात येत नाही

केबलवाल्यानं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी ड्युटीवर होते. परळच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी तंत्रज्ञ आहे. बाहेर बाकावर रक्त न्यायला आलेले नातेवाईक बसले होते आणि मी आतल्या कोपऱ्यात उभी राहून, हळू आवाजात, एका टीव्ही चॅनेलची चौकशी करत होते. तो म्हणाला, तो चॅनेल तुमच्या एरियात येत नाही. मी विचारलं, एरिया म्हणजे कुठला, परळ की लालबाग? तो म्हणाला, "ताई, एरिया म्हणजे तुमची बिल्डिंग." आणि त्यानं फोन ठेवला.

तेव्हा मला राग आला नाही. वाटलं, प्रत्यक्ष जाऊन सांगितलं की लावून देतील. राग नंतर आला आणि आला तो राहिलाच. हे लिहितानाही आहे.

हा चॅनेल माझ्यासाठी नव्हता, आईसाठी होता. आई महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, वडील काही वर्षं घरात बसून राहिले आणि गेले. घर आईनं चालवलं. तिला रजा घेतलेली मी फारशी पाहिली नाही. ताप अंगावर काढून ती कामाला जायची. फक्त सहा डिसेंबरची रजा ती महिनाभर आधी मागून ठेवायची आणि ती कोणी नाकारायची हिंमत केली नाही. आदल्या दिवशी दुपारपासून आमच्या मजल्यावरच्या बायका चपात्या लाटायला बसायच्या. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साड्या नेसून, डोक्यावर टोपल्या घेऊन, पूल ओलांडून प्रभादेवीतून सगळ्या चालत शिवाजी पार्कला. विदर्भातून, मराठवाड्यातून माणसं दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेली असायची, मैदानात चादरी टाकून बसलेली. आई त्यांना चपाती-भाजी वाढायची, कुठल्या गावचे म्हणून विचारायची. टोपली रिकामी झाली की मग चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहायची. आमचं घर एवढं जवळ, की आम्ही सकाळी लवकर जाऊन दर्शन उरकून येऊ शकलो असतो. तसं करायचं मी एकदा सुचवलं होतं. ती म्हणाली, उरकायचंय कशाला?

मग चाळ पाडली. आमच्या चाळीच्या जागी दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आमची, जुन्या भाडेकरूंची. दुसरी विकायची, काचेची. तिचे मजले मी कधी मोजले नाहीत. वर बघितलं की मान दुखते. त्यांचं गेट मोठ्या रस्त्याला आहे, आमचं मागच्या गल्लीत. मधे भिंत आहे आणि भिंतीवर झाडांच्या कुंड्या, त्यांच्या बाजूनं दिसतील अशा. आम्हाला नवव्या मजल्यावर घर मिळालं. घर चांगलं आहे, तसं नाही म्हणत मी. पण त्याच घराच्या गुळगुळीत फरशीवर, न्हाणीघरातून बाहेर येताना आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्यानंतर वॉकर आला, मग वॉकर कोपऱ्यात गेला आणि आई पलंग आणि खुर्ची एवढ्यातच राहिली. एका डोळ्याची नजर काचबिंदूनं आधीच गेलेली. दुसऱ्यानं तिला टीव्ही दिसतो, मोठा आणि जवळ असला तर.

पडल्यानंतरच्या पहिल्या सहा डिसेंबरला तिनं सकाळीच अंघोळ उरकून घेतली, पांढरी साडी मागितली आणि टीव्हीसमोर बसली. मी बातम्यांचे चॅनेल लावत गेले. एका ठिकाणी चैत्यभूमी दिसली, तिथं मंत्री फुलं वाहत होते, ते संपल्यावर जाहिरात. दुसऱ्या ठिकाणी दादरला कुठले रस्ते बंद आहेत त्याचा नकाशा. तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी माइक घेऊन सांगत होती की गर्दीमुळे वाहनचालकांना त्रास होतोय. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माणसं कुठायत? ह्या गाड्या कशाला दाखवतायत?"

दुपारी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईच्या प्रसूतिगृहातली मैत्रीण, मालवणकडची. दोघींनी बावीस-तेवीस वर्षं एका वॉर्डात काढली. ती आमच्या गल्लीच्या पलीकडे राहते, अजून न पाडलेल्या चाळीत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे दिसतात. ती सांगत होती की तिच्याकडे एका चॅनेलवर सकाळपासून फक्त तेच चाललंय. रांग दाखवतायत, पुस्तकांचे स्टॉल दाखवतायत, वंदना झाली, आता शाहीर गातायत. तिला वाटलं, आईही तेच बघत असेल. मी रिमोटवरचे सगळे आकडे दाबले. नव्हता.

त्या वर्षीचा दिवस तसा गेला. पुढच्या वर्षी आधीपासून लागायचं, असं मी ठरवलं. गणपती झाल्यावर केबलवाल्याला फोन केला, तोच तो रक्तपेढीतला फोन, आणि दोन दिवसांनी सुटीच्या दिवशी त्याच्या ऑफिसात गेले.

ऑफिस म्हणजे लालबागच्या बाजूचा एक गाळा. माणूस माझ्याच वयाचा, बोलायला गोड. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. तेवढा तो प्रामाणिक होता. त्यानं सांगितलं की वर एक मोठी कंपनी असते, ती सगळे चॅनेल गोळा करून पाठवते, आणि खाली त्याच्यासारखे लोक ते घराघरात पोचवतात. तो एका कंपनीचा माणूस, आणि गल्लीच्या पलीकडचा केबलवाला दुसऱ्या कंपनीचा. मोठे चॅनेल सगळीकडे असतात. लहान चॅनेलला मात्र स्वतःला दाखवून घ्यायला कंपनीला पैसे मोजावे लागतात, आणि त्या चॅनेलनं पलीकडच्या कंपनीला मोजले, ह्याच्या कंपनीला मोजले नाहीत. म्हणून पलीकडे दिसतो आणि अलीकडे नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, मग मी पलीकडच्याची वायर घेते. गल्ली तर एवढीशी आहे.

तो म्हणाला, तो येणार नाही.

"का नाही येणार?"

"ठरलेलंय ना, ताई. गल्लीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते."

"कुणी ठरवलंय?"

"आम्हीच."

मग त्यानं जुन्या गोष्टी सांगितल्या. पूर्वी गच्च्यांवरून वायरी टाकायचे तेव्हा कशा मारामाऱ्या व्हायच्या, एकाची वायर दुसरा कसा कापायचा, मग सगळे एकत्र बसले आणि कुठली गल्ली कुणाची ते वाटून घेतलं. तो हे अभिमानानं सांगत होता, भांडण मिटलं म्हणून. मी चहाचा कप हातात धरून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ह्या वाटणीत आम्हीही वाटले गेलो, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही. गल्ल्या वाटल्या म्हणतात, पण वाटली माणसं. अमक्या चाळीतल्या माणसांनी काय बघायचं ते अमक्यानं ठरवायचं. सरकारी नियमांत तसं काही असेल असं मला वाटत नाही. तरी ती वाटणी नियमासारखीच चालते.

घरी येऊन मी इंटरनेटवाल्या एका मोठ्या कंपनीला फोन लावला. फायबरवरून टीव्ही येतो, त्यात तो चॅनेल आहे असं कळलं होतं. फोनवरच्या मुलीनं पिनकोड विचारला, तो मी सांगितला. म्हणाली, मॅडम, तुमच्या पिनकोडला सेवा आहे. मला हायसं वाटलं. मग तिनं इमारतीचं नाव विचारलं, थोडा वेळ काही टाइप केलं आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, तुमची बिल्डिंग फिजिबल नाही." मी विचारलं, फिजिबल नाही म्हणजे? तिला माहीत नव्हतं. तिच्या स्क्रीनवर तेवढंच येत होतं. मी आमच्या शेजारच्या काचेच्या इमारतीचं नाव सांगून बघितलं. ती आनंदानं म्हणाली, "हो मॅडम, तिथं आहे, उद्याच जोडणी मिळेल."

एकच प्लॉट. एकच बिल्डर. पाया खणला तेव्हा दोन्ही इमारतींची माती एकाच ट्रकमधून गेली. चौकशी केल्यावर कळलं की बिल्डरनं त्या इमारतीत सगळ्या कंपन्यांच्या वायरींसाठी बांधतानाच नळ्या टाकून ठेवल्या होत्या. घर विकत घेणारा विचारतो ना. आमच्या इमारतीत एकच नळी ठेवली आणि ती त्या लालबागच्या केबलवाल्याला देऊन टाकली. आम्ही काय विचारणार होतो? आम्हाला घर फुकट मिळालं असं सगळ्यांचं मत. आमच्या आजी-आजोबांपासूनची जागा त्या काचेखाली गेली, ते कुणी धरत नाही.

राहिली डिश. डिशवाला माणूस आला, चांगला होता बिचारा. त्यानं आमच्या प्रत्येक खिडकीत उभं राहून फोनवरचं होकायंत्र बघितलं. त्याला आग्नेयेकडचं मोकळं आभाळ हवं होतं, तिकडून सिग्नल येतो. आमच्या आग्नेयेला काच होती, खालपासून वरपर्यंत. तो म्हणाला, ताई, सॅटेलाइट ह्या टॉवरच्या पाठी आहे, इथून काही होणार नाही, गच्चीवर लावू. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे.

सेक्रेटरी आमच्याच जुन्या चाळीतले, तिथं तिसऱ्या मजल्यावर राहायचे; इथं आमच्यापेक्षा दोन मजले वर. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणते. त्यांची दोन्ही मुलं आईच्याच प्रसूतिगृहात जन्मली, आणि दोन्ही वेळा आई ड्युटी संपल्यावरही त्यांच्या बायकोजवळ थांबली होती, हे मला आईनं नाही, काकूंनीच सांगितलेलं. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी बसायला सांगितलं. मी आईची अवस्था सांगितली, चॅनेलचं सांगितलं. ते म्हणाले, गच्चीवर डिश लावायला मनाई आहे, बिल्डरच्या करारात आहे, इमारतीचं रूप बिघडतं. मी म्हटलं, गच्चीवरचं रूप कोण बघतं? ते म्हणाले, समोरच्या टॉवरमधून दिसतं ना.

मी एक वेगळा मार्ग काढला. केबलवाल्याचा स्वतःचा एक लोकल चॅनेल आहे. त्यावर एरवी जुने सिनेमे आणि दागिन्यांच्या दुकानांच्या जाहिराती चालतात. पण गणपतीत दहा दिवस तो आमच्या विभागातल्या मंडपात कॅमेरा लावतो आणि दिवसभर थेट दर्शन दाखवतो. आईही बघते. मी काकांना म्हटलं, सोसायटीतर्फे त्याला सांगा, सहा डिसेंबरला एक दिवस त्याच चॅनेलवर चैत्यभूमी दाखव. दादर काही लांब नाही. त्याला कॅमेरा लावता येतो हे आपण दर वर्षी बघतो.

काकांनी ऐकून घेतलं. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ते वेगळं आहे गं. ते सगळ्यांचं असतं. हे तुमच्या लोकांचं. एका चॅनेलसाठी सोसायटीनं कशाला मधे पडायचं?"

ते ओरडले नाहीत, हसले नाहीत. एवढ्या सहज म्हणाले, की त्यांना आपण काही बोललो हेही कळलं नसावं. काकूंनी माझ्यासमोर वडीची ताटली ठेवली होती. मी उठले. जिन्यानं खाली आले, लिफ्टची वाट बघायचं सुचलं नाही. चाळीत आमची खोली आणि त्यांची खोली ह्यांत एक जिना होता. आमच्याकडचं पाणी गेलं की त्यांच्याकडून आणायचं, त्यांच्याकडचं गेलं की ते आमच्याकडून न्यायचे. असं मला आठवत होतं. आता मी आठवायला लागले की ते खरंच कधी आमच्याकडून पाणी नेत होते का.

इमारतीतल्या आमच्या समाजाच्या घरांतही मी गेले. तिथंही माझी निराशाच झाली, ती का लपवू? एक जण म्हणाला, आम्ही तर प्रत्यक्ष जातो. एका तरुण जोडप्यानं सांगितलं, यूट्यूबवर लावा ना, काकू. लावून बघितलं होतं. इमारतीतलं इंटरनेटही त्याच केबलवाल्याचं. सकाळी बरं चालायचं, पण थेट प्रक्षेपण लावलं की चित्र थांबायचं आणि गोल चक्र फिरत राहायचं. आई त्या चक्राकडे बघत बसायची. म्हणायची, हे काय शिजतंय?

सहा डिसेंबर जवळ आला तसं मावशीनंच सुचवलं. तिचा गुडघा दुखतो, ती आमच्याकडे येऊ शकत नव्हती, तिनं फोनवर सांगितलं, "तिका हय घेऊन ये. माझ्याकडे येता तो चॅनेल. दिवसभर बसा."

मी भाड्यानं व्हीलचेअर आणली. सकाळी आईला पांढरी साडी नेसवली, केस विंचरून दिले. लिफ्टनं खाली, गल्ली ओलांडून पलीकडे. गल्लीत गटाराचं काम चालू होतं, खोदलेल्या जागेवर फळी टाकलेली होती. फळीवरून खुर्ची नेताना आईनं डोळे मिटून घेतले. मावशीच्या चाळीतल्या चौघांनी खुर्ची उचलून पहिल्या मजल्यावर नेली. मावशी दारात उभी होती. तिनं आईला "जय भीम" म्हटलं. दर वर्षी ह्या दिवशी ती म्हणते, वॉर्डातल्या दिवसांपासून.

तो चॅनेल काही फार देखणा नव्हता. चित्र हलायचं, आवाज मधेच फाटायचा, निवेदकाचं मराठी कच्चं होतं. पण कॅमेरा माणसांवर होता. रांगेतली बाई, तिच्या कडेवरचं मूल, पायाला बांधलेल्या चिंध्या. पुस्तकाच्या स्टॉलवर वाकून बघणारा म्हातारा. मैदानात वाढलेल्या पत्रावळी. आई खुर्ची पुढे घे म्हणाली, मी घेतली. आणखी पुढे घे म्हणाली. वंदना सुरू झाली तेव्हा तिनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणायला लागली. पडल्यापासून तिचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. मावशी तिच्या शेजारी हात जोडून बसली होती. गॅलरीतून जाणारे दोघं-तिघं आत येऊन उभे राहिले. जेवण मावशीच्या सुनेनं केलं. दुपारी उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथं होतो.

मला वाटलं, जमलं एकदाचं. घरी आल्यावर मी आईची साडी सोडवून तिला पलंगावर बसवलं आणि म्हटलं, पुढच्या वर्षी असंच जाऊ.

ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मला नेऊ नकोस."

मला कळेना. मी विचारलं, मावशीकडे काही खुपलं का? ती म्हणाली, तिचं नाव घेऊ नकोस, ती सोनं आहे. मी पाणी दिलं, ते प्यायली आणि म्हणाली, "बाय, हा दिवस काय मी दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून बघायचा? मी मेहेरबानीनं नाही ना राहत इथं? माझ्या घरात दिसेल तर बघीन. नाहीतर नको."

मला तिचाच राग आला. इतके दिवस मी धावले, खुर्ची आणली, चौघांचे उपकार घेतले, आणि ही नको म्हणते. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. खिडकीतून मावशीचं दार दिसत होतं. मग हळूहळू लक्षात आलं की तिला राग यायलाच हवा होता आणि मी मात्र समाधान मानायला तयार झाले होते. मी सोय केली होती. तिला सोय नको होती.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. आयुष्यात मी कधी सभेत बोलले नव्हते. मी म्हटलं की बिल्डरनं आपल्या इमारतीत एकच नळी का ठेवली, हे त्याला विचारा. केबलवाल्यांनी आपल्याला आपसांत वाटून घेतलंय, हे आपल्याला चालतं का? दहा दिवस कॅमेरा लागतो, एक दिवस का लागत नाही? मागून कुणीतरी म्हणालं की आमच्याकडे क्रिकेटचा एक चॅनेल दिसत नाही, तोही लिहून घ्या. लोक हसले. मग दुसरा म्हणाला, माझ्या बायकोच्या मालिकेचंही बघा. आणखी हसले. काकांनी सांगितलं की मुद्द्याची नोंद घेतली आहे, आणि ते पार्किंगकडे वळले. पार्किंगवर भांडण झालं, भरपूर, मनापासून. मी खुर्चीत बसून ते भांडण ऐकत राहिले.

पावसाळ्यात एक दिवस घरी दोन माणसं आली, जुना सेट-टॉप बॉक्स काढला आणि नवा बसवला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, त्यांनी एरिया विकला. लालबागच्या केबलवाल्यानं आपला सगळा एरिया पलीकडच्या कंपनीला विकून टाकला होता. एरिया विकला म्हणजे आम्ही विकलो गेलो होतो, भांड्याकुंड्यांसकट, आणि ते आम्हाला बॉक्स बदलताना कळत होतं. माणसं गेल्यावर आई रिमोट घेऊन बसली. एक-एक आकडा पुढे जात राहिली. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. तो चॅनेल लागला होता. कुठल्या तरी गावातल्या विहारातला कार्यक्रम चालला होता, आवाज फाटत होता. ज्यासाठी मी एवढ्या पायऱ्या झिजवल्या, ते कुणाच्या तरी धंद्याच्या सोयीनं, आम्हाला न विचारता, तसंच घरात आलं होतं. जसं न विचारता अडवलं होतं, तसंच.

आठवड्याभरानं लिफ्टमध्ये काका भेटले. हातात दुधाची पिशवी होती. आनंदानं म्हणाले, "काय, आला ना तुमचा चॅनेल?"

मी म्हटलं, "आला म्हणू नका, काका. आधी आम्हाला दिलाच नव्हता."

आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली, मी उतरले. मला वाटलं, मी चांगलं बोलले. घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "एवढंच बोललीस?"

मी म्हटलं, हो.

"मग परत जा."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती चेष्टा करत नव्हती. तुमचे लोक असं तो म्हणाला ते तू मला मागे सांगितलंस, ती म्हणाली, ते तुला लागलं हे त्याला सांगितलंस का? मी नाही म्हटलं. मग मी तशीच, घरच्या चपलांवर, वर गेले.

दार काकांनीच उघडलं. आत जेवणं चालली होती. मी आत गेले नाही. दारातच उभी राहून म्हटलं की तुम्ही त्या दिवशी आमच्या आईच्या दिवसाला तुमच्या लोकांचं म्हणालात. ते सगळ्यांचं आणि हे आमचं, असं म्हणालात. मी तेव्हा उठून गेले, पण मला ते लागलं, आणि आजही लागलेलं आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

ते गोंधळले. म्हणाले, "अगं, मी त्या अर्थानं बोललो नव्हतो."

"मग कुठल्या अर्थानं बोललात, ते सांगा."

त्यांनी मागे वळून बघितलं. काकू टेबलाशी उभ्या होत्या, हातात पळी. त्यांची नजर काकांवरच होती. काका परत माझ्याकडे वळले. मी वाट बघितली. मला खरंच ऐकायचं होतं, दुसरा कुठला अर्थ असेल तर. शेवटी ते म्हणाले की आत ये, जेव. मी नको म्हटलं आणि खाली आले.

आईनं विचारलं, काय म्हणाला?

काही नाही म्हणाले, मी सांगितलं.

"बरं," आई म्हणाली, आणि तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.